वंशावळ हाताची की जातीची? सिएटलच्या सुशीच्या निमित्ताने

जपानी सुशीवर आंबेडकरी माणसांनी लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. देशात अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत, मुलांच्या शिष्यवृत्त्या रखडतात, आणि ही मंडळी अमेरिकेत बसून कच्च्या माशाच्या गप्पा मारतात, असंही कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सुरुवातीलाच देतो. हा लेख माशाबद्दल कमी आणि 'परंपरा' या शब्दाबद्दल जास्त आहे. जातीविरुद्ध तोंड उघडलं की हा शब्द आमच्या अंगावर फेकला जातो. आमची परंपरा, आमचा वारसा, आमचे संस्कार, तुम्हाला त्यातलं काय कळणार! जणू परंपरा म्हणजेच जात, आणि जात काढून घेतली तर मागे काही उरणारच नाही. हा दावा तपासायला आम्हाला आम्ही राहतो त्याच शहरात एक उदाहरण सापडलं. ते म्हणजे सिएटलमधली सुशीची हॉटेलं आणि ती चालवणाऱ्या कारागिरांची वंशावळ.

आम्ही म्हणजे महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त इकडे आलेली चार-पाच आंबेडकरी कुटुंबं. कोणी नागपूरचं, कोणी नांदेडचं, कोणी मुंबईच्या चाळीतलं. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एकत्र जमतो, एरवी फोनवर वाद घालतो. पहिल्यांदा सुशी खाल्ली तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांनी तोंड वाकडं केलं आणि निम्म्यांनी दुसरी थाळी मागवली. पण चवीपेक्षा आमच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. इथे सुशीच्या कारागिराची ओळख करून देताना लोक 'हा कुणाचा मुलगा' असं सांगत नाहीत, 'हा कुणाच्या हाताखाली शिकला' असं सांगतात. आडनावावरून कूळ काढण्याची सवय असलेल्या समाजातून आलेल्या आम्हाला हे फार वेगळं वाटलं. मग आम्ही ही वंशावळ शोधत मागे गेलो.

सुरुवात रस्त्यावर आहे. भातात मासा आंबवून टिकवण्याची पद्धत आशियात फार जुनी, पण आज जगभर ओळखली जाते ती निगिरी सुशी, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताच्या छोट्या मुटक्यावर माशाचा काप, ही एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १८२० च्या दशकात रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई या माणसाला दिलं जातं. ती राजवाड्यात जन्मली नाही की मठात जन्मली नाही. कष्टकऱ्यांनी हातगाडीसमोर उभ्या उभ्या खाऊन पुढे जावं, असं ते अन्न होतं. आपल्याकडे गिरणीच्या दारात वडापाव जसा उभा राहिला, तसंच. ज्या ट्यूना माशाच्या पोटाकडच्या चरबीदार भागासाठी आज लोक वाट्टेल ती किंमत मोजतात, तो 'तोरो' त्या काळी टाकाऊ होता. मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल, अशा अर्थाचा शब्द जपानीत अशा माशासाठी आहे. अन्नाची प्रतिष्ठा अन्नात नसते, ती खाणाऱ्याच्या सत्तेत असते. ज्यांच्या घरात वजडी आणि रक्ती शिजली, त्यांना हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही.

सिएटलमध्ये जपानी माणसं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. रेल्वेच्या रुळांवर, लाकडाच्या कारखान्यांत, मासे डब्यात भरण्याच्या कारखान्यांत, शेतात ती राबली. त्यांनी वसवलेल्या वस्तीला निहोनमाची, म्हणजे जपानी गाव, म्हणत. तिथे १९०४ साली 'मानेकी' नावाचं हॉटेल सुरू झालं. ते आजही चालू आहे. जुनी इमारत जपानी किल्ल्यासारखी होती आणि शनिवार-रविवारी ५०० पर्यंत माणसं जेवायला येत, असं त्याच्या इतिहासात सांगतात. पुढे १९७४ साली जपानचे पंतप्रधान झालेले ताकेओ मिकी विद्यार्थीदशेत इथे भांडी घासत, हेही तिथे अभिमानाने सांगतात. भांडी घासणारा हात पंतप्रधानाचा होऊ शकतो, यात त्यांना लाज वाटत नाही, गौरव वाटतो. आपल्याकडे भांडी घासणारीला कप वेगळा ठेवतात.

पण अमेरिका म्हणजे समतेचा स्वर्ग नव्हे, हे इथे लगेच सांगितलं पाहिजे. या जपानी माणसांना अमेरिकन नागरिकत्व मागण्याचा हक्कच नव्हता. १९२१ साली वॉशिंग्टन राज्याने कायदा करून त्यांना जमिनीची मालकीही नाकारली. ताकाओ ओझावा हे गृहस्थ नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंड यांचाही अर्ज फेटाळला. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. थिंड पंजाबातून आलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झालेले. त्यांच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? तर आम्ही उच्च जातीचे, आर्य वंशाचे, खालच्या लोकांशी रक्ताची सरमिसळ न केलेले, म्हणून आम्हाला गोरे समजा. वर्णभेदाच्या दारात उभं राहून आत शिरण्यासाठी जातीचा दाखला पुढे केला! दार उघडलं नाही ते नाहीच. भारतातून अमेरिकेत जात किती वर्षांपूर्वी आली, असं कोणी विचारलं तर आम्ही हे वर्ष सांगतो.

पुढे १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घराबाहेर काढण्याचा मार्ग मोकळा झाला. १,२०,००० च्या वर माणसं छावण्यांत कोंडली गेली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्याने नागरिक होती. गुन्हा कोणता? जन्म. सिएटलच्या कुटुंबांना आधी प्युअलपच्या जत्रेच्या मैदानावर ठेवलं, मग आयडाहोच्या माळरानावरच्या मिनिडोका छावणीत नेलं. मागे राहिलेलं मानेकी लुटलं, फोडलं गेलं. पाइक प्लेस मार्केट ही शहराची प्रसिद्ध मंडई १९०७ सालची. युद्धाआधी तिथल्या भाजीविक्रेत्यांमध्ये जपानी शेतकऱ्यांचा मोठा हिस्सा होता. ते ओटे रिकामे झाले. बहुतेक शेतकरी परत आलेच नाहीत. १९८८ साली सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २०,००० डॉलर दिले. माफीला ४६ वर्षं लागली, पण ती मागितली गेली. आमच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवणाऱ्यांचे वारस अजून 'तसं काही नव्हतंच' एवढ्यावरच अडकलेत.

युद्धानंतर परतलेल्यांनी मानेकी जवळच्याच एका लहान जागेत पुन्हा उभं केलं. उवाजिमाया हे आजचं मोठं दुकानही असंच. फुजिमात्सु मोरिगुची यांनी १९२८ साली टॅकोमा गावी एका ट्रकमधून जपानी मजुरांना माशाच्या वड्या विकायला सुरुवात केली होती. छावणीतून सुटल्यावर त्यांच्या कुटुंबाने सिएटलमध्ये दुकान थाटलं. सुशीला लागणारा तांदूळ, समुद्री शेवाळाची पानं, व्हिनेगर, सोया सॉस हे सगळं शहरात मिळत राहिलं ते अशा दुकानांमुळे. पुढे जो कारागीर आला, त्याच्यासाठी जमीन या उठवलेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसांनी नांगरून ठेवली होती.

तो कारागीर म्हणजे शिरो काशिबा. जन्म १९४१, क्योतोचा. तरुणपणी ते टोकियोच्या गिन्झा भागात जिरो ओनो यांच्या हाताखाली शिकले. जिरो ओनो हे नाव आता जगाला ठाऊक आहे. १९२५ साली जन्मलेला हा माणूस सातव्या वर्षापासून हॉटेलात राबत मोठा झाला, १९६५ साली त्याने स्वतःचं छोटं दुकान काढलं आणि पुढे त्याच्यावर २०११ साली 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' हा माहितीपट निघाला. शिरो १९६६ मध्ये सिएटलला आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी जमिनीच्या मालकीवरची ती जुनी बंदी मतदानाने रद्द केली. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्याने आशियातल्या माणसांना दार उघडून एकच वर्ष झालं होतं. आम्ही भारतीय इंजिनिअर जिथून आत आलो ते दारही तेच. ते दार काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्याने उघडलं. ज्यांना आपल्या हुशारीवर आपण इथे आलो असं वाटतं, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१९७० साली शिरो यांनी मानेकीतच सिएटलमधला पहिला खराखुरा सुशी बार सुरू केला. म्हणजे गिऱ्हाईक समोर बसणार, मधे लाकडी फळी, आणि कारागीर त्याच्या डोळ्यांदेखत मासा कापून सुशी हातावर वळून देणार. सुशीच्या कारागिराला जपानीत 'इतामाए' म्हणतात. त्याचा अर्थच फळीसमोर उभा राहणारा. १९७२ मध्ये त्यांनी 'निक्को' काढलं, १९९४ मध्ये 'शिरोज्', आणि २०१५ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, पाइक प्लेस मार्केटमध्ये 'सुशी काशिबा'. ज्या मंडईतून जपानी शेतकरी उठवले गेले होते, तिथेच. शिरो यांनी टोकियोची हुबेहूब नक्कल केली नाही. इथल्या समुद्रात काय मिळतं ते पाहिलं. सामन माशाची अंडी इथे गळाला आमिष म्हणून लावत, ती त्यांनी भातावर ठेवली. गुईडक नावाची लांब सोंडेची मोठी शिंपली इथल्या वाळूत सापडते, ती फळीवर आणली. मूळचं कौशल्य घट्ट धरून नव्या मातीतला माल वापरला. परंपरा जिवंत असते ती अशी. सातासमुद्रापार येऊन जुन्याच माणसाला जुन्याच जागी बसवायची तिला गरज पडत नाही.

आता शिष्य बघा. ताइची कितामुरा शिरो यांच्याकडे शिकले आणि २०१० साली त्यांनी 'सुशी काप्पो तामुरा' काढलं. कोतारो कुमिता त्याच हाताखालून बाहेर पडले, त्यांचं 'वातारू'. दाइसुके नाकाझावा यांची गोष्ट तर माहितीपटातच आहे. जिरोंच्या दुकानात उमेदवाराने आधी गरम टॉवेल पिळायला शिकायचं, मग मासा, आणि जवळपास दहा वर्षांनी अंड्याच्या वडीला हात लावायचा. नाकाझावांची ती वडी सुमारे २०० वेळा नापास झाली. ज्या दिवशी पास झाली आणि उस्तादाने त्यांना कारागीर म्हटलं, त्या दिवशी ते रडले. तेच नाकाझावा पुढे सिएटलला येऊन शिरोंसोबत काम करत होते आणि २०१३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या नावाचं हॉटेल निघालं. जिरो, शिरो, कितामुरा, नाकाझावा. हे चौघे एका घरातले नाहीत, एका रक्ताचे नाहीत. दोनशे वेळा नापास करणाऱ्या उस्तादाने एकदाही असं म्हटलं नाही की तुझ्या कुळात ही वडी जमायचीच नाही. नापास झाला तो हात. माणूस उद्या पुन्हा उभा राहू शकत होता.

इथेच आमचा मुद्दा आहे. १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यातला फरक उघड करून दाखवला. जात ही कामाची सोय नसून माणसांना जन्मापासून एकमेकांपासून तोडून एकाखाली एक रचण्याची युक्ती आहे, हा त्याचा आशय. सुशीच्या दुकानात कामाची वाटणी कडक आहे. टॉवेलवाला, भातवाला, मासा कापणारा, आणि सर्वांत वर उस्ताद. पण टॉवेलवाला उद्या उस्ताद होण्यासाठीच आज टॉवेल पिळतो. आपल्याकडे कातडं कमावणाऱ्याचं कौशल्य हजार वर्षांचं, पण त्याला 'परंपरा' म्हणाले नाहीत, 'धंदा' म्हणाले, आणि त्यातून बाहेर पडायला बंदी केली. शिकवण्याच्या नावाखाली आपल्या गुरुपरंपरेने काय केलं, हे एकलव्याच्या अंगठ्याला विचारा. निगिरीचा मुटका वळताना अंगठा आणि दोन बोटं लागतात. तिथे उस्ताद त्या अंगठ्याला वर्षानुवर्षं वळण लावतो, इथे गुरूने तो दक्षिणा म्हणून कापून घेतला. दोघांनाही गुरू म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

हे पुराणातलं झालं, असं म्हणणाऱ्यांना २०१७ चं पुणं आठवत असेल. विज्ञानाच्या क्षेत्रात वरच्या पदावर काम केलेल्या एका बाईंनी पोलिसात तक्रार दिली की आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपण ब्राह्मण नसल्याचं आणि सुवासिनी नसल्याचं लपवलं. अन्न बिघडलं होतं का? नाही. चव वाईट होती का? तीही तक्रार नव्हती. तक्रार हाताची नव्हती, जन्माची होती. कितीतरी दिवस त्या हातचं गोड लागलं, आणि आडनाव कळल्याबरोबर ते विटाळलं. आमच्यातल्या एका ताईंनी इथे, अमेरिकेत, अशीच चव घेतली आहे. एका मराठी स्नेहसंमेलनाच्या जेवणासाठी पोळ्या करायला त्यांनी नाव दिलं. त्याआधी गप्पांत आडनाव आणि गाव विचारून झालं होतं. दोन दिवसांनी निरोप आला की स्वयंपाकाला माणसं पुरेशी झालीत, तुम्ही खुर्च्या मांडायला या. ताई गेल्या नाहीत. त्यांच्या जागी आम्हीही कोणी गेलो नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही जपान्यांना डोक्यावर घेताय. मुळीच नाही. ज्या जपानात सुशीच्या कारागिराला मान मिळतो, त्याच जपानात कातडं कमावणाऱ्यांना आणि जनावरं कापणाऱ्यांना शतकानुशतकं अपवित्र मानलं गेलं. त्यांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ च्या सरकारी हुकमाने त्यांचा कनिष्ठ दर्जा कागदावर संपला, पण लग्न आणि नोकरीच्या वेळी घराण्याची चौकशी चालूच राहिली. जपानी स्थलांतरितांबरोबर तो भेद अमेरिकेपर्यंतही आला. बुराकुमिनांनी मार्च १९२२ मध्ये क्योतोत स्वतःची संघटना उभी केली, सुइहेइशा. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. म्हणजे मासा कापणारा हात कलावंताचा आणि जनावर कापणारा हात विटाळाचा, ही फळी तिथेही मधे आहेच.

आणि बाई? सुशीच्या फळीमागे बाई उभी राहणं हे कित्येक दशकं अशक्यप्राय होतं. कारणं काय, तर बायकांचे हात गरम असतात, मासा खराब होतो. जिरोंचे थोरले चिरंजीव योशिकाझु ओनो यांनी २०११ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राला कारण सांगितलं ते असं की मासिक पाळीमुळे बायकांची चव स्थिर राहत नाही. वाचताना आम्हाला आपल्याकडच्या स्वयंपाकघराचा उंबरठा आठवला. चार दिवस बाजूला बसवण्याचा नियम तोच, फक्त त्याला इथे चवीच्या शास्त्राचा कोट घातला आहे. टोकियोच्या अकिहाबारा भागात २०१० साली 'नादेशिको' या दुकानाच्या फळीमागे बायकाच उभ्या राहिल्या, आणि मासा काही खराब झाला नाही. जिथे जिथे हाताऐवजी जन्म मोजला जातो, तिथे तिथे ब्राह्मण्य असतं. त्याला जानवं असलंच पाहिजे असं नाही.

सिएटलच्या बाबतीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हाजिमे सातो यांची कृती. त्यांचं 'माशिको' हे हॉटेल वेस्ट सिएटलमध्ये १९९४ मध्ये सुरू झालं. समुद्र ओरबाडून आणलेला मासा विकायचा नाही, असं त्यांनी २००९ मध्ये ठरवलं आणि गिऱ्हाईक तुटण्याची पर्वा केली नाही. पण त्याहून मोठी गोष्ट पुढची. त्यांच्याकडे शिकून तयार झालेली एक कारागीर ही बाई होती आणि गोरी होती. काही गिऱ्हाईकं तिला फळीमागे पाहून तिच्यासमोर बसायलाच नकार देत. त्यांना 'अस्सल' जपानी पुरुष हवा होता. सातो यांनी अशा गिऱ्हाइकांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं, की हिला मी शिकवलं आहे, तिच्या हातचं नको असेल तर माझं हॉटेल तुमच्यासाठी नाही. पुढे २०१९ मध्ये सिएटल सोडताना त्यांनी हॉटेल तिथेच काम करणाऱ्यांच्या हवाली केलं. स्वतः जपानी पुरुष असून, ज्या जन्मामुळे त्यांना आपोआप मान मिळत होता, त्या जन्माचं भांडवल त्यांनी नाकारलं. आमच्या पुरोगामी मित्रांना आम्ही हेच सांगत असतो. दलितांच्या घरी जेवून फोटो काढू नका. तुमच्या फळीमागे आमच्या माणसाला उभं करा, आणि जो तोंड फिरवेल त्याला दार दाखवा.

म्हणून २१ फेब्रुवारी २०२३ हा दिवस आम्हाला या गोष्टीपासून वेगळा काढता येत नाही. त्या दिवशी सिएटलच्या नगर परिषदेने ६ विरुद्ध १ मतांनी जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. असा कायदा करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव मांडला तो पुण्यात जन्मलेल्या, स्वतः ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी. त्यामागे अनेक आंबेडकरी संघटनांचं आणि इथल्या कामगार चळवळीचं बळ होतं. थिंड यांचा उच्च जातीचा दाखला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला त्याला त्याच आठवड्यात १०० वर्षं पूर्ण झाली होती. त्या दिवशी आमच्यापैकी काहीजण सभागृहात होते. विरोधात बोलणाऱ्यांच्या तोंडी पुन्हा तोच शब्द होता. आमचा वारसा बदनाम होतोय, आमच्या संस्कृतीला लक्ष्य केलं जातंय. सभागृहापासून मानेकी चालत जाण्याइतकं जवळ आहे. जन्मावरून माणसं उठवली की काय होतं, याचा पुरावा तिथे १९०४ पासून उभा आहे. आणि जन्म न विचारता शिकवलं की काय होतं, याचाही. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तिथल्या विधिमंडळाने मंजूर केलेलं असंच विधेयक परत पाठवलं, तेव्हा लढाई संपली असं कोणी समजू नये.

शेवटी आमच्या स्वतःच्या समाजासाठी दोन शब्द. सुशीची वंशावळ आम्हाला का सांगता आली? ती लिहून ठेवली म्हणून. शिरो यांनी स्वतःचं चरित्र लिहिलं, जिरोंवर माहितीपट निघाला, वर्तमानपत्रांनी शिष्यांची नावं छापली. आता नागपूरची मडक्यावरची लांब रोटी घ्या. सैल भिजवलेली कणीक आपटून आपटून मऊ करायची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत रुमालासारखी पातळ करायची आणि उपड्या, तापलेल्या मडक्यावर अलगद सोडायची. हे शिकायला वर्षं लागतात. पहिल्या कितीतरी रोट्या फाटतात, हात भाजतात. ज्या ताईंना खुर्च्या मांडायला बोलावलं, त्यांच्या हातात ही कला आहे. त्यांना ती मावशीने शिकवली, मावशीला शेजारच्या वस्तीतल्या एका बाईने. त्या बाईचं नाव ताईंना माहीत नाही. दोन पिढ्यांत वंशावळ तुटली, कारण ती कोणी लिहिली नाही. कौशल्य कमी नव्हतं, वही नव्हती. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीचा इतिहास पहिल्यांदा ठामपणे पुस्तकात आणला, तेव्हा किती जणांना धक्का बसला! यांचंही अन्न, आणि त्याचंही पुस्तक?

हो, पुस्तक. आणि वहीसुद्धा. आम्ही आमच्या कुटुंबांपुरतं काम सुरू केलं आहे. रोटी, चान्या, सुकटीची चटणी, येसर, जे जे हाताने हाताला दिलं गेलं ते लिहायचं, आणि प्रत्येक पाककृतीखाली ती कोणी कोणाला शिकवली त्यांची नावं लिहायची. जात सांगण्यासाठी नव्हे, हात सांगण्यासाठी. आणि शिकायला येईल त्याला, तो कुणीही असो, शिकवायचं. आमच्यावर ज्यांनी दार बंद केलं त्यांच्या मुलांनाही. बाबासाहेबांनी आम्हाला समता मागायला शिकवलं तसंच ती द्यायलाही शिकवलं आहे. वाचकांनी आपापल्या घरी ही वही आजच काढावी. आजी आहे तोवर विचारून घ्यावं.

जय भीम!